तिपेडी गोफ उलगडणारा शास्त्रज्ञ

विहिरींवर विजेचे पंप येण्यापूर्वी वैराग-बार्शीच्या कोरडवाहू पट्ट्यात पाणी वर येई ते चामड्याच्या मोटेतून. दिवसभर बैलांची ओढ, पाण्याचे ओझे आणि विहिरीच्या काठाचे घर्षण सोसूनही ते चामडे सहसा फाटत नसे. बाभळीची साल आणि तरवड वापरून कातडे कमावणाऱ्या कारागिरांना या चिवटपणाची पारख पिढ्यान्‌पिढ्यांची होती. चामड्याला हे बळ देणारा पदार्थ म्हणजे कोलॅजेन नावाचे प्रथिन. मोट ओढणाऱ्या बैलाच्या कंडरेत तेच असते, मोट हाकणाऱ्याच्या हाडांत तेच असते आणि त्याच्या गुडघ्यातील गुळगुळीत कूर्चेतही त्याच प्रथिनाचे एक भावंड असते. मानवी शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के वाटा एकट्या कोलॅजेनचा आहे.

हा धागा आतून नेमका कसा विणलेला आहे, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील कोणालाही नीट सांगता येत नव्हते. ते प्रथम सांगितले मद्रासमधील एका भारतीय शास्त्रज्ञाने. त्यांचे नाव डॉ. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. विज्ञानजगतात ते ‘जीएनआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जात. आपल्याच मांडणीवर झालेल्या कठोर टीकेतून त्यांनी पुढे असा एक मापदंड निर्माण केला, की आज जगातील कोणत्याही प्रथिनाची रचना त्यावर पारखल्याशिवाय ग्राह्य मानली जात नाही. मायदेशात राहून, तुटपुंज्या साधनांनिशी केलेल्या या कामाची कहाणी सामान्य वाचकांपर्यंत मात्र अभावानेच पोहोचली आहे.

गणिताच्या घरात

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी तत्कालीन कोचीन संस्थानातील एर्नाकुलम येथे एका तमिळ कुटुंबात झाला. वडील जी. आर. नारायण अय्यर हे तेथील महाराजाज् कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुलाला गणिताची गोडी लागली ती घरातच. भूमिती आणि बीजगणितातील अवघड उदाहरणे सोडविणे हा या पिता-पुत्रांचा नित्याचा विरंगुळा होता. पुढील आयुष्यात रामचंद्रन यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र अशा तिन्ही प्रांतांत संचार केला. परंतु प्रत्येक प्रश्नाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी अखेरपर्यंत गणितज्ञाचीच राहिली.

तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून १९४२ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी अव्वल क्रमांकाने मिळविली. मुलाने सरकारी नोकरीत जावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्या काळातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ती स्वाभाविकही होती. रेल्वेच्या अभियांत्रिकी सेवेच्या परीक्षेसाठी मुलाला दिल्लीला पाठविण्यात आले. संशोधनाचा ध्यास घेतलेल्या मुलाने वडिलांचा शब्द मोडला नाही, परीक्षा दिली. मात्र त्यात यश मिळणार नाही याची काळजी घेतली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात.

त्याच वर्षी ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. प्रवेश घेतला होता विद्युत अभियांत्रिकीत. तेथील भौतिकशास्त्र विभागात मात्र साक्षात सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. रामन यांनी या विद्यार्थ्याची कुवत ओळखली आणि त्याला आपल्या विभागात ओढून घेतले. हिरा हा रामन यांच्या विशेष आवडीचा विषय. रामचंद्रन यांनी हिऱ्याच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्याच्या अंतर्रचनेतील दोष टिपण्याचे काम केले. स्फटिकावर क्ष-किरण टाकले असता ते विशिष्ट दिशांना विखुरतात आणि छायाचित्रावर ठिपक्यांची नक्षी उमटते. या नक्षीवरून आतील अणूंची मांडणी ताडता येते. ही विद्या रामचंद्रन यांनी येथे आत्मसात केली आणि ती त्यांना जन्मभर पुरली. मद्रास विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी त्यांनी १९४७ मध्ये संपादन केली.

स्वातंत्र्याच्या त्या वर्षीच ते केंब्रिजला गेले. सर लॉरेन्स ब्रॅग यांच्या नेतृत्वाखालील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत डब्ल्यू. ए. वूस्टर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच. डी. पूर्ण केली. प्रथिनांच्या रचनेचा शोध हा त्या काळी केंब्रिजमधील सर्वांत चैतन्यमय विषय होता. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांची व्याख्यानेही रामचंद्रन यांनी तेथे ऐकली आणि त्यांचा खोल ठसा त्यांच्या मनावर उमटला. परदेशात राहण्याचा मोह न धरता ते मायदेशी परतले आणि बंगळूरच्या संस्थेत अध्यापन करू लागले.

मद्रासचे आव्हान

मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना १९५२ मध्ये विद्यापीठात भौतिकशास्त्राचा नवा विभाग उभारायचा होता. त्यांनी प्रथम रामन यांनाच पाचारण केले. रामन यांनी स्वतः नकार दिला आणि आपल्या शिष्याचे नाव सुचविले. तिशीच्या उंबरठ्यावर असलेले रामचंद्रन अशा रीतीने विभागप्रमुख झाले. प्रयोगशाळा जवळपास शून्यातून उभी करायची होती.

त्याच सुमारास प्रख्यात ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी मद्रासला भेट दिली. बोलण्याच्या ओघात कोलॅजेनचा विषय निघाला. पॉलिंग यांच्यासह अनेकांनी कोलॅजेनच्या रचनेचे आराखडे मांडले होते. मात्र त्यांपैकी एकही पुरेसा पटण्याजोगा नाही, असे बर्नाल यांचे मत होते. नव्या विभागाला साजेशा प्रश्नाच्या शोधात असलेल्या रामचंद्रन यांनी हे आव्हान उचलले.

या कामी एक योगायोग उपयोगी पडला. विद्यापीठाच्या परिसराजवळच केंद्रीय चर्म संशोधन संस्था नुकतीच स्थापन झाली होती. चामड्याचा अभ्यास म्हणजे अर्थातच कोलॅजेनचा अभ्यास. या संस्थेकडून रामचंद्रन यांना कांगारूच्या शेपटीतील कंडरेचे नमुने मिळाले. त्यातील कोलॅजेनचे तंतू अतिशय शिस्तीत रचलेले असल्यामुळे क्ष-किरणांची नक्षी स्पष्ट उमटे. गोपीनाथ कर्ता हे तरुण संशोधक त्यांच्या सोबतीला होते.

तीन पेड, एक नियम

कोणतेही प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी. अशी २० प्रकारची ॲमिनो आम्ले निसर्ग वापरतो. कोलॅजेनच्या रासायनिक पृथक्करणात एक विलक्षण गोष्ट आढळत होती. त्यातील सुमारे एक-तृतीयांश ॲमिनो आम्ले एकाच प्रकारची, म्हणजे ग्लायसीन ही होती. ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो आम्ल. इतरांना बाजूला लहानमोठे अणुगट जोडलेले असतात; ग्लायसीनला मात्र तेथे केवळ एक हायड्रोजनचा अणू असतो. निसर्गाने इतक्या मोठ्या प्रमाणात हेच ॲमिनो आम्ल का निवडावे, या प्रश्नापाशी रामचंद्रन थबकले.

त्यांचे उत्तर भूमितीतून आले. एक-तृतीयांश हे प्रमाण योगायोगाचे नसून साखळीतील दर तिसऱ्या जागी ग्लायसीन असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. तीन साखळ्या एकमेकींलगत ठेवल्या, तर मध्यभागी जागा अत्यंत अपुरी उरते. तेथे केवळ ग्लायसीनच मावू शकते. म्हणून प्रत्येक साखळीचे दर तिसरे ॲमिनो आम्ल आतल्या बाजूला येते आणि उरलेली दोन बाहेर तोंड करून राहतात. ऑगस्ट १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात रामचंद्रन आणि कर्ता यांनी तीन साखळ्यांची ही रचना मांडली.

पहिल्या मांडणीत या तीन साखळ्या सरळ, एकमेकींना समांतर होत्या. क्ष-किरणांच्या नक्षीतील काही बारकावे तिच्याशी पूर्णतः जुळत नव्हते. सप्टेंबर १९५५ मध्ये ‘नेचर’मध्येच सुधारित रचना प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्येक साखळी स्वतःभोवती पीळ घेते आणि शिवाय तिन्ही साखळ्या मिळून एका सामाईक अक्षाभोवती गुंफल्या जातात. गोकुळाष्टमीला गोफ विणताना किंवा तिपेडी वेणी घालताना पेड जसे एकमेकांवरून फिरतात, तसाच काहीसा हा प्रकार; मात्र एका कडक अटीसह. पेड कितीही फिरला तरी त्यातील ग्लायसीनने सदैव मध्याकडेच तोंड करून राहायचे. पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र तिला आपली एकच बाजू दाखवितो, त्याप्रमाणे.

रामचंद्रन यांची ही तिहेरी सर्पिल रचना जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या डीएनएच्या दुहेरी सर्पिलानंतर थोड्याच काळात पुढे आली होती. ती मद्रासमधून आली, ही गोष्ट त्या काळी जगाला अनपेक्षित होती.

टीकेचा घाव

मात्र कौतुकापाठोपाठ वादही आला. अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्येच कोलॅजेनचा स्वतःचा आराखडा प्रसिद्ध केला. तीन साखळ्यांचा गोफ त्यांनाही मान्य होता. वाद होता तो तपशिलाचा. साखळ्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या हायड्रोजन बंधांची संख्या रामचंद्रन यांच्या मते दर तीन ॲमिनो आम्लांमागे दोन होती, तर रिच-क्रिक यांच्या मते एकच. याहून गंभीर आक्षेप दुसरा होता. दोन बंध साधण्याच्या प्रयत्नात रामचंद्रन यांच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फाजील जवळ आले आहेत आणि इतकी जवळीक निसर्गात संभवत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

डीएनएच्या शोधामुळे क्रिक यांच्या शब्दाला मोठे वजन होते. मद्रासच्या नवख्या विभागाने एक तर हार मानावी किंवा अडून बसावे, अशीच अपेक्षा कोणीही केली असती. रामचंद्रन यांनी तिसराच मार्ग निवडला. दोन अणू परस्परांच्या किती जवळ येऊ शकतात, हे नक्की कोणी मोजले आहे काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. शोध घेता लक्षात आले, की याबाबत सर्वमान्य मोजमापेच उपलब्ध नाहीत. जो तो आपल्या अंदाजाने मर्यादा ठरवीत होता.

मग रामचंद्रन यांनी व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन या सहकाऱ्यांसह तोवर प्रसिद्ध झालेल्या ॲमिनो आम्लांच्या आणि लहान पेप्टाइडांच्या स्फटिकरचना बारकाईने तपासल्या. कार्बन-कार्बन, कार्बन-ऑक्सिजन, नायट्रोजन-ऑक्सिजन अशा प्रत्येक जोडीसाठी किमान अंतर निश्चित केले. संगणक हाताशी नसल्याने आकडेमोड साध्या गणनयंत्रांवर करावी लागे.

जगाला मिळालेला नकाशा

अंतरे हाती येताच रामचंद्रन यांना प्रश्नाचे मोठे रूप दिसू लागले. कोलॅजेनला लागू होणारा नियम साऱ्याच प्रथिनांना लागू व्हायला हवा. साखळीतील प्रत्येक ॲमिनो आम्लापाशी प्रामुख्याने दोनच ठिकाणी वळण घेता येते. या दोन कोनांना ‘फाय’ आणि ‘साय’ अशी ग्रीक अक्षरांची नावे आहेत. माणसाचा हात खांद्यातून आणि कोपरातून वळतो. परंतु तो वाटेल तसा वळत नाही, काही कोनांत तो आपल्याच अंगावर आदळतो. साखळीचेही तसेच आहे. काही कोनांच्या जोड्यांत तिचे अणू एकमेकांवर आदळतात, म्हणून त्या जोड्या निषिद्ध ठरतात.

एका अक्षावर फाय, दुसऱ्या अक्षावर साय घेऊन रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकोनी आलेख काढला आणि कोणते कोन चालतील व कोणते चालणार नाहीत, हे त्यावर रेखाटले. आलेखाचा बहुतांश भाग निषिद्ध निघाला. उरलेल्या मोजक्या बेटांवरच सारी प्रथिने वसलेली असतात, हा त्याचा अर्थ. ग्लायसीनला मात्र बाजूचा अणुगट नसल्यामुळे इतरांपेक्षा कितीतरी अधिक मोकळीक होती. १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त हे काम प्रसिद्ध झाले. जग त्याला ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून ओळखते. जैवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो आज जगभर शिकविला जातो.

एखाद्या प्रथिनाची रचना प्रयोगाने ठरविली गेली, की तिचे सारे कोन या आलेखावर मांडून पाहण्याची प्रथा आहे. निषिद्ध भागात फार ठिपके पडले, तर रचनेत चूक असल्याचा संशय घेतला जातो. संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांच्या रचना वर्तविणाऱ्या संशोधकांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या भाकितांची पारखही याच आलेखावर होते.

आणि मूळ वादाचे काय झाले? कोलॅजेनसदृश पेप्टाइडची अणूपातळीवरील सुस्पष्ट रचना १९९४ मध्ये हाती आली. तीन साखळ्यांचा पिळलेला गोफ आणि मध्यभागी ग्लायसीन ही रामचंद्रन यांची मूळ कल्पना तिने निर्विवाद सिद्ध केली. साखळ्यांमधील थेट हायड्रोजन बंधांच्या संख्येबाबत मात्र रिच आणि क्रिक यांचे म्हणणे बरोबर ठरले. शिवाय पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये दुव्यांसारखे उभे असल्याचेही या रचनेत दिसले. अशा पाण्याच्या दुव्याची कल्पना रामचंद्रन यांनी स्वतःच १९६८ मध्ये आर. चंद्रशेखरन यांच्यासह मांडलेल्या सुधारित आराखड्यात केली होती. टीका पचवून आपली मांडणी बदलण्याची त्यांची तयारी यातून दिसते.

कूर्चापेशींचे कोडे

रामचंद्रन यांनी कोलॅजेन कसे दिसते ते सांगितले. पुढच्या पिढीसमोरचा प्रश्न निराळा होता. शरीरातील कोणती पेशी, कोणत्या वेळी, कोणते कोलॅजेन विणते आणि तिला तसा हुकूम कोण देते?

१९६९ मध्ये एडवर्ड मिलर आणि व्हिक्टर मटुकस यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या कूर्चेत एक वेगळेच कोलॅजेन ओळखले. त्वचा, हाडे आणि कंडरा यांत आढळते ते पहिल्या प्रकारचे. कूर्चेतील हे दुसऱ्या प्रकारचे. पुढे शोध वाढत गेला आणि मानवी शरीरात कोलॅजेनचे २८ प्रकार नोंदले गेले. तिपेडी गोफाचा आणि दर तिसऱ्या ग्लायसीनचा नियम मात्र यांतील प्रत्येक प्रकारात कोठे ना कोठे आढळतो.

कूर्चेचे महत्त्व केवळ नाकाच्या शेंड्यापुरते किंवा गुडघ्यापुरते नाही. गर्भात हातापायांची हाडे प्रथम कूर्चेच्या रूपातच घडतात. गर्भाच्या अंकुरलेल्या अवयवात साध्या पेशी एका जागी दाटीने गोळा होतात. तोवर त्या पहिल्या प्रकारचे कोलॅजेन तयार करीत असतात. मग त्यांच्यातील ‘सॉक्स-९’ नावाचे नियामक प्रथिन कामाला लागते. ते दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या जनुकाशी संलग्न अशा नियंत्रक भागावर जाऊन बसते आणि ‘सॉक्स-५’ व ‘सॉक्स-६’ या जोडीदारांच्या साहाय्याने ते जनुक जागे करते. १९९७ मध्ये हे नाते प्रयोगांनी उघड झाले. सॉक्स-९ नसेल, तर कूर्चा घडतच नाही, हेही लगोलग सिद्ध झाले. मग ठरलेल्या वेळी यांतील काही पेशी फुगतात, दहाव्या प्रकारचे कोलॅजेन विणू लागतात आणि कूर्चेची जागा हाड घेते. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी हा क्रम वयात येईपर्यंत चालू असतो. मुलाची उंची वाढते ती यामुळेच.

या पेशींची स्मृती मात्र नाजूक असते. कूर्चापेशी शरीराबाहेर काढून काचेच्या वा प्लॅस्टिकच्या सपाट तळावर वाढविल्या, की त्या चपट्या होतात, दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन विणणे सोडतात आणि पहिल्या प्रकाराकडे वळतात. त्याच पेशी ॲगरोजच्या मऊ, जेलीसारख्या पदार्थात निलंबित ठेवल्या, तर त्या पुन्हा गोलाकार होतात आणि आपले मूळ काम आठवल्यागत दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागतात. पॉल बेन्या आणि जॉय शेफर यांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिले. पेशीचा आकार आणि तिच्या जनुकांचे वागणे यांचा एवढा निकटचा संबंध असेल, असे पूर्वी कोणास वाटले नव्हते. झिजलेल्या गुडघ्यावर रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून बसविण्याच्या उपचारात आजही हीच अडचण भेडसावते. पेशी संख्येने वाढवाव्यात तर त्या आपला धर्म विसरतात.

जनुकाने हुकूम योग्य वेळी दिला, तरी मजकूर बरोबर असावा लागतो. येथे पुन्हा रामचंद्रन यांचा ग्लायसीनचा नियम आडवा येतो. कोलॅजेनच्या एका साखळीत सुमारे १,००० ॲमिनो आम्लांचा पिळलेला भाग असतो. जनुकातील एका अक्षराच्या चुकीने त्यातील एखाद्या ग्लायसीनच्या जागी मोठे ॲमिनो आम्ल आले, तर ते गोफाच्या मध्यात मावत नाही. पीळ तेथे अडखळतो. पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनमध्ये अशी चूक झाली, तर अस्थिभंगुरतेचा जन्मजात विकार उद्भवतो आणि क्षुल्लक कारणानेही मुलाची हाडे मोडतात. दुसऱ्या प्रकारात झाली, तर कूर्चेची घडणच बिघडते, पाठीचा कणा व हातपाय आखूड राहतात. चूक फार गंभीर जागी असेल, तर मूल जन्मतःच दगावते. अशा मुलाच्या जनुकीय चाचणीच्या अहवालात ग्लायसीन बदलल्याची नोंद दिसताच डॉक्टरांना तिचे गांभीर्य उमगते. त्या उमगण्यामागे १९५४ सालचा मद्रासचा तर्क उभा असतो.

क्ष-किरणांकडून तर्कशास्त्राकडे

रामचंद्रन यांनी मद्रासचा विभाग जागतिक नकाशावर आणला. तेथे १९६३ आणि १९६७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदांना देशोदेशींचे अग्रगण्य प्रथिनशास्त्रज्ञ आले होते. १९६१ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. शिकागो विद्यापीठातही त्यांनी काही काळ अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम केले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि तेथे रेण्वीय जैवभौतिकी विभागाची स्थापना केली. आज देशातील या विषयाच्या आघाडीच्या केंद्रांत त्याची गणना होते.

१९७१ मध्ये त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह आणखी एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रांवरून वस्तूची आतील त्रिमितीय प्रतिमा कशी उभारावी, याची सोपी आणि वेगवान गणिती रीत त्यांनी दिली. सीटी स्कॅन यंत्रांच्या प्रतिमा-उभारणीत या प्रकारच्या पद्धतीचा मोठा वापर झाला. सीटी स्कॅनसाठी १९७९ चे नोबेल ॲलन कॉर्मॅक आणि गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना मिळाले. रामचंद्रन यांचे गणितही या क्षेत्राच्या पायाभूत कामांत गणले जाते.

लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १९७७ मध्ये फेलो म्हणून निवडले. त्यानंतरच्या काळात त्यांचे मन तर्कशास्त्राच्या गणिती रूपाकडे ओढले गेले. जैन दर्शनातील स्याद्वादाचा धागा पकडून त्यांनी तर्कविधानांची एक बीजगणितीय पद्धत रचली आणि तिला ‘स्याद् न्याय’ असे नाव दिले. प्रथिनांतून थेट तर्कशास्त्रात झालेले हे स्थलांतर अनेकांना चकित करणारे वाटले. घरी मात्र तो जुनाच वारसा होता. वडिलांनी लहानपणी दिलेल्या गणिताच्या कोड्यांपासून ते फार दूर गेले नव्हते.

१९४५ मध्ये राजलक्ष्मी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. प्रसिद्ध खगोलभौतिकशास्त्रज्ञ रमेश नारायण हे त्यांचे पुत्र. उत्तरायुष्यात रामचंद्रन यांची प्रकृती ढासळत गेली. पक्षाघात आणि कंपवात यांनी त्यांना जखडले. १९९८ मध्ये पत्नीचे निधन झाले आणि तो आघात त्यांना जड गेला. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने आपला सर्वोच्च मानला जाणारा एवाल्ड पुरस्कार त्यांना दिला. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

मागे उरलेले

नोबेलच्या संदर्भात त्यांचे नाव वारंवार घेतले गेले. पुरस्कार मात्र मिळाला नाही. भारतीय विज्ञानाच्या चर्चेत ही हळहळ आजही व्यक्त होते. तिच्यापुरतेच त्यांचे स्मरण मर्यादित ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. नव्या विभागात, दोन-तीन सहकारी आणि जवळच्या चर्म संस्थेने दिलेले कंडरेचे तुकडे एवढ्या भांडवलावर त्यांनी जगातील बलाढ्य प्रयोगशाळांशी बरोबरी केली. प्रश्न कोठून उचलावा आणि टीका आली तर तिचे काय करावे, याचा तो वस्तुपाठ होता. क्रिक यांचा आक्षेप त्यांनी अपमान समजून बाजूला सारला असता, तर अणूंच्या अंतरांची ती यादी झाली नसती आणि यादी नसती तर आलेखही नसता.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतील सभागृहाला ‘ट्रिपल हेलिक्स’ असे नाव देण्यात आले आहे. कोलॅजेनच्या तिहेरी सर्पिलाचे हे स्मरण चामड्याचे शास्त्र अभ्यासणाऱ्यांनी जपले, हेही उचितच. मोटा केव्हाच विहिरींवरून उतरल्या. त्यांच्या चामड्यातला चिवटपणा जेथून येतो तो तिपेडी गोफ मात्र प्रत्येक नव्या गर्भात, सॉक्स-९ ची खूण मिळताच, एका ठरलेल्या मापाने पुन्हा विणला जातो. दर तिसऱ्या जागी ग्लायसीन, हे ते माप आहे.